सल्ल्याचे मोल: दासगावचे मेडिकल आणि डॉक्टरांवरचा ताण

महाड तालुक्यात सावित्रीकाठी वसलेल्या दासगावाने जुलै 2005 ची दरड सोसली. जुलै 2021 मध्ये महाडची बाजारपेठ पुराखाली गेली. या खोऱ्यात पूर ओसरला की तापाचे दिवस येतात. साधा ताप, डेंग्यू की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हे पहिल्या दिवशी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण मजुरी बुडवणे परवडत नाही, म्हणून माणूस आधी मेडिकल गाठतो: "भाऊ, तापावर काहीतरी द्या."

इथे दिली जाणारी गोळी महत्त्वाची असते. पॅरासिटामॉल चालते, पण डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रक्तस्राव वाढवू शकते. पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, लघवी कमी होत असेल, तर गोळी देऊन घरी न धाडता रुग्णाला दवाखान्यात पाठवायला हवे.

लक्षणे वेळेत ओळखण्याचे मोल महाडला नव्याने सांगावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच भागात लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय या खुणा त्यांनी नोंदवल्या, रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. उपचार डॉक्टरच करणार. पण रुग्ण वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा. खोकला, जुलाब, खरूज यांच्या गर्दीत डॉक्टर अडकले, तर गंभीर रुग्ण रांगेतच राहतो.

रुग्णाला वेळेत पुढे पाठवण्याच्या कामात फार्मासिस्ट मदत करू शकतो, आणि त्यासाठी कायद्याने पाया घातलेला आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे. शेड्यूल एच-1 या नियंत्रित यादीतल्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि त्यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. 2018 पासून क्षयाच्या औषधांची विक्री आरोग्य यंत्रणेला कळवणेही केमिस्टवर बंधनकारक आहे. मात्र कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि काउंटरवर दुसरेच कोणी.

अडचणीचे मूळ पैशात आहे. औषध विकले तर दुकानदाराला मिळकत. "हे माझे काम नाही, आजच डॉक्टरांकडे जा" असे सांगितले तर काहीच नाही. इंग्लंडमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे 31 जानेवारी 2024 ला 'फार्मसी फर्स्ट' योजना सुरू झाली. घसादुखी, कानदुखी, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्ग संसर्ग अशा सात आजारांवर प्रशिक्षित फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांनी उपचार करतो, डॉक्टरांना कळवतो, आणि सल्ल्याचे मानधन सरकार देते.

इंग्लंडची यादी आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. अँटिबायोटिकचा अधिकार इथे तूर्त डॉक्टरांकडेच राहावा. पण महाड-पोलादपूरसाठी मराठीत धोक्याच्या लक्षणांचा तक्ता, रक्तदाब मोजण्याची सोय, पुढे पाठवलेल्या रुग्णाची चिठ्ठी आणि त्या प्रत्येक चिठ्ठीमागे ठरावीक मानधन, एवढे पावसाळ्याआधी सुरू करता येईल. रुग्णाला वेळेत डॉक्टरांकडे पाठवणाऱ्या फार्मासिस्टला त्या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे.