वर्गात आलेली फांदी

‘जगात एकच झाड उरलं, तर ती जात संपलीच म्हणायची ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर आहे. मॉरिशसच्या ताब्यातलं हे बेट जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं. तिथली रानकॉफी, म्हणजे ‘कॅफे मॅरॉन’, जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही. कूळ आपल्या कदंबाचंच.

1874 साली शुक्राचं अधिक्रमण पाहायला ब्रिटिश पथक या बेटावर उतरलं. सोबत आयझॅक बेली बाल्फोर हा वनस्पतिशास्त्रज्ञही होता. बाकीच्यांनी सूर्याकडे दुर्बिणी लावल्या आणि याने झाडंझुडपं गोळा केली! पुढे बकऱ्यांनी नि माणसांनी जंगल फस्त केलं आणि रानकॉफीही नामशेष ठरली.

1980च्या सुमारास तिथल्या एका मास्तरांनी वर्गाला बेटावरच्या मूळ झाडांचा अभ्यास दिला. बारा वर्षांचा एक पोरगा एक फांदी घेऊन आला. ओळख पटली तेव्हा तज्ज्ञ चक्रावले. झाड जिवंत होतं, पण एकुलतं एक. बातमी फुटताच लोक औषधासाठी फांद्या तोडू लागले. कुंपण घातलं, तरी थांबेनात.

या झाडाची खरी गंमत पानांत आहे. कोवळ्या रोपाची पानं सुतळीसारखी लांबोडकी, काळपट. झाड उंच झालं की तीच रुंद, हिरवीगार. बेटावर पूर्वी राक्षसी कासवांचे कळप चरत. त्यांची मान पोचेल तिथवर झाड मुद्दाम कळकट दिसत असावं, असं मानतात. कासवं दोनशे वर्षांपूर्वीच संपली, झाडाचं सोंग मात्र चालूच.

1986 मध्ये काही फाटे विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात गेले. त्यातला एक जगला आणि पांढऱ्या चांदण्यांसारखा फुललाही, पण बी धरेना. 2003 मध्ये कार्लोस मॅग्दालेना या माळ्याने फुलाच्या कुक्षीचं टोक कापून त्या जखमेवरच पराग लावले. असे किती तरी प्रयत्न वाया गेल्यावर फळ धरलं आणि त्यातलं बी रॉड्रिग्जला परत गेलं. माध्यमं मॅग्दालेनाला ‘वनस्पतींचा मसीहा’ म्हणतात. खुशाल म्हणोत, पण मास्तरांनी तो गृहपाठ दिला नसता, तर मसीहाला कापायला फूल कुठून मिळालं असतं?

तेव्हा वाचकमहाशय, जात संपली नाही. पण ही सगळी रोपं त्या एकाच झाडाची. त्याला न झेपणारा एखादा रोग आला, तर त्यांतलं एखादं तरी वेगळं निघेल, याची आशा फारच थोडी.