डिस्टिन घराणें व सॅक्सहॉर्न

पितळी वाद्यांच्या इतिहासाची चर्चा बहुधा शोधकाच्या नांवाभोंवतीं फिरत असते. वाद्य प्रथम कोणीं घडविलें याचा निर्णय लागला कीं प्रश्न संपला, असें मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु वाद्य घडविणें व तें लोकांत रुजविणें हीं दोन कार्यें भिन्न आहेत, आणि दुसऱ्याचा पुरावा निराळ्या साधनांत शोधावा लागतो, असें आमचें मत आहे. इंग्लंडांतील डिस्टिन या वादक घराण्याचा वृत्तांत या दृष्टीनें बोधप्रद असल्यामुळें तो येथें संक्षेपानें देत आहों.

प्रथम वाद्यांतील अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्या तुतारीप्रमाणें नुसत्या नळींतून ओठांच्या जोरावर कांहीं ठराविकच स्वर निघतात. मधले स्वर मिळत नाहींत. ही उणीव भरून काढण्यासाठीं डब्लिन येथील जोसेफ हॅलिडे यानें इ. स. १८१० मध्यें ब्यूगलच्या नळीला भोंकें पाडून त्यांवर कळा बसविल्या. स्वर मिळाले, पण ते सारख्या तेजाचे नव्हते. पुढें जर्मनींत पिस्टनची, म्हणजे दट्टा दाबून नळीची लांबी वाढविण्याची, युक्ति निघाली. तिनें स्वर एकजिनसी झाले.

जॉन डिस्टिन (१७९८–१८६३) हा कळांच्या ब्यूगलचा निष्णात वादक असून ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीच्या बँडमध्यें होता. वॉटर्लूनंतर १८१५ मध्यें इंग्रज फौज पॅरिसांत असतां त्याचें वादन ऐकून रशियाच्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइननें तसें वाद्य करवून घेण्याची इच्छा दर्शविली, व त्यावरून पॅरिसचा कारागीर हालारी या कामाकडे वळला, अशी परंपरागत हकीगत आहे. याच हालारीनें पुढें ओफिक्लाइड हें खर्जाचें वाद्य निर्माण केलें. म्हणजे कळांच्या ब्यूगलच्या प्रसारांतहि डिस्टिनचा हात लागला होता असें दिसतें.

पुढें जॉननें जॉर्ज, हेन्री, विल्यम व थिओडोर या चार पुत्रांसह पंचक उभें केलें. पत्नी पियानोची साथ करी. हे पांच जण दौरे करीत असतां १८४४ मध्यें पॅरिस येथें अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराशीं त्यांची गांठ पडली. सॅक्सनें उंच स्वरापासून खर्जापर्यंत एकाच घाटाचीं पिस्टनयुक्त वाद्यें घडविलीं होतीं. तींच सॅक्सहॉर्न होत. सर्वांची बोटांची पद्धत एकच असल्यामुळें एक वाद्य शिकलेला मनुष्य दुसरें सहज हातीं घेऊं शके. डिस्टिनांनीं आपलीं जुनीं वाद्यें टाकून हा संच स्वीकारला, व त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्यें तो श्रोत्यांसमोर मांडला. १८४८ मध्यें जॉर्ज वारला. तथापि उरलेल्यांनीं १८४९ मध्यें अमेरिकेचा दौरा केला.

वादनासवें व्यापारहि चाले. लंडनच्या क्रॅनबोर्न स्ट्रीटवर त्यांचें दुकान होतें, व सॅक्सच्या वाद्यांची एजन्सी त्यांजकडे होती. १८५० च्या सुमारास हेन्री स्वतःच वाद्यें घडवूं लागला. पुढें सॅक्सची एजन्सी अन्य पेढीकडे गेली. पण तोंवर वाद्य इंग्लंडांत मुरलें होतें. १८५३ मध्यें मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथें भरलेल्या पहिल्या बँड-स्पर्धेंत मॉसली येथील मद्यपाननिषेधक सॅक्सहॉर्न बँडनें पहिलें बक्षीस मिळविलें. गिरण्यांच्या गांवांतील कामकऱ्यांच्या हातीं हें वाद्य पोंचलें, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

इकडे पॅरिसांत प्रतिस्पर्धी कारागीर सॅक्सच्या शोधांत नावीन्य नाहीं म्हणून दावे लढवीत होते, व १८५२ मध्यें सॅक्सचें दिवाळें निघालें. त्यांचा आक्षेप अगदींच निराधार नव्हता. पिस्टनचीं ब्यूगलें जर्मनींत आधींच होतीं. तथापि शोधाचा वाद कसाहि सुटला तरी प्रसाराचें श्रेय त्यानें ढळत नाहीं. तें बव्हंशीं डिस्टिन घराण्याकडे जातें.

संग्राहकांस यांतून एक इशारा घ्यावयाचा आहे. जुन्या वाद्याच्या पसरट तोंडावर कोरलेलें डिस्टिन हें नांव पाहून काळ ठरविणें धोक्याचें आहे. तें नांव आरंभीं विक्रेत्याचें, मग कारागिराचें आहे. १८६८ मध्यें हेन्रीनें कारखाना बूझी यांस विकला. त्यानंतरहि कांहीं काळ तें नांव तेथें चाललें. १८७७ मध्यें हेन्री अमेरिकेस गेला, तेथेंहि त्याच्या नांवाचा कारखाना निघाला, आणि १९०३ मध्यें फिलाडेल्फियांत तो निवर्तला. सबब नांवाखालील पत्ता, अनुक्रमांक व पिस्टनची घडण हीं तिन्ही ताडून पाहिल्याविना निर्णय करूं नये.

हा विषय आपल्यास परकाहि नव्हे. आपल्याकडील वरातींतून वाजणारें युफोनियम सॅक्सहॉर्नच्याच गोत्रांतील असून, पलटणींच्या बँडांमागून तीं वाद्यें या देशीं रुळलीं. बँडवाल्यांच्या घरीं माळ्यावर पडलेलीं जुनीं वाद्यें मोडींत जाण्यापूर्वीं त्यांवरील अक्षरें कोणी उतरून घेईल, तर ताम्रपटाप्रमाणें तोहि अस्सल पुरावाच ठरेल.