नवे ग्राफिक्स कार्ड, जुना प्रोसेसर : जोडी जमते का?

कापडाचे डिझाइन असो वा लग्नपत्रिका, पनवेलमध्ये आता ही कामे संगणकावरच होतात. संगणक मंदावला की आपले बांधव लॅमिंग्टन रोड गाठून महागडे ग्राफिक्स कार्ड आणतात. पण कार्डाला काम प्रोसेसर पुरवतो. कांडी भरणारा मागे पडला की माग थांबतो, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे. इथेही तसेच.

म्हणून आधी तपासा. नेहमीचे काम सुरू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर शंभर टक्क्यांजवळ आणि कार्ड निम्मे रिकामे, तर खर्च प्रोसेसरवर करा. उलट असेल तर कार्डावर. फोटोशॉपसारख्या कामात प्रोसेसर व रॅमच जास्त राबतात. थ्री-डी चित्रांत कार्ड.

प्रोसेसर घेताना मदरबोर्डचा सॉकेट पाहा. इंटेलच्या 10व्या पिढीच्या बोर्डावर 12व्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. बोर्डही बदलावा लागतो. एएमडीच्या एएम-4 सॉकेटच्या अनेक जुन्या बोर्डांवर मात्र बायोस अद्ययावत केल्यास रायझन 5000 मालिका चालते. पॉवर सप्लाय पुरेल का, तेही विचारा.

बोर्डाचे नाव कागदावर लिहून न्या, मगच पैसे मोजा.