दहा फुटांवरून बावीस फूट : रुंद लेन्सचा व्यवहार

कापडाच्या धंद्यात जाणकार गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी पन्हा विचारते. छत्तीस इंची की अठ्ठावन्न इंची, हे कळल्याशिवाय मीटरच्या भावाला अर्थ नसतो. फोटोच्या धंद्यातही असाच एक पन्हा असतो आणि तो लेन्सचा असतो, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. ती कळण्यासाठी एक चांगला सौदा हातचा घालवावा लागला. आज डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या अतिरुंद झूम लेन्सविषयी चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. कितीतरी तरुण आज लग्नाचे, दुकानांचे, विक्रीच्या घरांचे फोटो काढून संसार चालवतात, आणि आमच्यासारखे दुकानदार त्यांच्याकडून फोटो काढून घेतात. दोघांचाही पैसा यात गुंतलेला असतो.

आमचे दुकान बारा फूट रुंद आणि वीस फूट खोल. काही वर्षांपूर्वी परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवण्यासाठी आम्ही दुकानाचे फोटो काढून घेतले. ते पाहिले तेव्हा आमचेच दुकान आम्हांला ओळखू येईना. रॅकच्या रांगा दूरवर गेलेल्या, मागची भिंत जणू पन्नास फुटांवर! आम्ही खूश झालो आणि तेच फोटो सगळीकडे धाडले. एक नवा व्यापारी मोठ्या खरेदीच्या इराद्याने आला, उंबऱ्यावर उभा राहिला, आत नजर टाकली आणि म्हणाला, "शेठ, मोठे दुकान कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "हेच." तो चहा घेऊन गेला, ऑर्डर काही दिली नाही. माल चांगला होता, भावही वाजवी होता. पण जो दुकान फुगवून दाखवतो तो मालही फुगवून सांगत असेल, असे त्याच्या मनात आले असल्यास त्यात त्याची काय चूक? फोटो काढणाऱ्यालाही दोष देता येत नाही. "मोठे दिसेल असे काढा," हे आम्हीच त्याला सांगितले होते.

पुढे आमचा पुतण्या या धंद्यात उतरला. त्याच्याजवळ बसून हा मामला समजून घेतला, तो असा.

हिशेब सोपा आहे

लेन्सवर १०, १८, ५० असे जे मिलिमीटरचे आकडे लिहिलेले असतात, ते जितके लहान तितका लेन्सचा पन्हा मोठा. किती मोठा, हे कागदावर काढता येते. कॅमेऱ्यातल्या सेन्सरची रुंदी लेन्सच्या आकड्याने भागा आणि समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणा. जे उत्तर येईल तेवढी रुंदी फोटोत मावेल.

कॅननच्या साध्या डिजिटल एसएलआरचा सेन्सर सुमारे २२.३ मिलिमीटर रुंद असतो. आमच्या दुकानात एका बाजूला टेकून उभे राहिले तर समोरचा रॅक दहा फुटांवर येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स १८ वर ठेवली तर त्या रॅकची बारा-साडेबारा फूट रुंदी फोटोत येते. रॅक आहे वीस फुटांचा, म्हणजे बाकीचा बाहेर राहिला. मागे सरकावे तर पाठीमागे भिंत! तेथेच १० मिलिमीटरची लेन्स लावली की बावीस फूट मावतात आणि सगळा रॅक एका फोटोत येतो. अतिरुंद लेन्सची खरी गरज ही आहे. जेथे मागे सरकायला जागा नाही, तेथे ती कामाची.

अशा लेन्स आल्या कुठून?

फिल्मच्या जमान्यात चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. तिच्यावर १७-३५ सारखी झूम लेन्स अतिरुंद गणली जाई. पुढे डिजिटल एसएलआर आले. कॅननचा ईओएस ३००डी २००३ साली आल्यावर हा कॅमेरा सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. पण त्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान होता. त्यामुळे जुन्या लेन्सचा पन्हा एकदम कमी झाला. १७ मिलिमीटरची लेन्स कॅननच्या लहान सेन्सरवर साधारण २७ मिलिमीटरसारखी वागू लागली. ज्यांनी भारी किंमत मोजून रुंद लेन्स घेतल्या होत्या, त्यांच्या हाती मध्यम लेन्स उरली.

ही उणीव भरून काढण्यासाठी कंपन्यांनी लहान सेन्सरसाठी खास लेन्स काढल्या. निकॉनची १२-२४ ही २००३ मध्ये जाहीर झाली, कॅननची १०-२२ ही २००४ मध्ये, सिग्माची १०-२० ही २००५ मध्ये. टोकिनाच्या ११-१६ लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ २.८ एवढे मोठे असल्याने मंद उजेडाच्या हॉलमध्ये काम करणाऱ्यांना ती भावली. सिग्माने २०१० मध्ये ८-१६ काढून आठ मिलिमीटरपर्यंत मजल मारली. पण सामान्य फोटोग्राफरच्या दृष्टीने मोठी घटना २०१४ ची. त्या वर्षी कॅननने १०-१८ ही लेन्स अमेरिकेत ३०० डॉलरच्या आत आणली. वजन अवघे २४० ग्रॅम आणि हाताचा थरथराट सावरण्याची सोयही आत. निकॉनने २०१७ मध्ये १०-२० काढून त्याच वाटेने पाऊल टाकले.

आधी अशी लेन्स एवढी महाग का होती? त्याचे कारण कॅमेऱ्यातला आरसा. एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. कॅननमध्ये लेन्स जेथे बसते ती कडा सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर आहे, निकॉनमध्ये ४६.५ वर. दहा मिलिमीटरची साधी लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ बसवावी लागेल आणि आरसा तर मध्ये! म्हणून पुढे किरण पसरवणाऱ्या काचा आणि मागे ते गोळा करणाऱ्या काचा, अशी उलटी मांडणी करावी लागते. स्थिर छायाचित्रणासाठी ही युक्ती फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये 'रेट्रोफोकस' या नावाने बाजारात आणली. त्यात काचा जास्त, कारागिरी जास्त, म्हणून दामही जास्त.

दुकान मोठे का दिसते?

लेन्स भिंत मागे ढकलते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे काही होत नाही. रुंद लेन्स लावली की आपण जवळच्या वस्तूच्या अगदी पुढ्यात जाऊ शकतो, एवढेच. काउंटर कॅमेऱ्यापासून चार फुटांवर आणि मागची भिंत वीस फुटांवर असेल, तर काउंटरचा एक फूट फोटोत भिंतीच्या एका फुटापेक्षा पाचपट मोठा दिसणार. डोळ्याला वाटते की भिंत फार लांब आहे.

कडेच्या वस्तूंचे आणखी एक आहे. ही लेन्स सरळ रेघा सरळ ठेवते. समोर सपाट ताणलेल्या चौकडी कापडाच्या चौकटी ती बहुतेक जशाच्या तशा दाखवील. पण कोपऱ्याकडच्या गोल वस्तू मात्र ताणल्या जातात.  लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा फुगतो. घरातील बुजुर्गांना कडेला उभे करून या लेन्सने फोटो काढला, तर पुढच्या लग्नाचे काम मिळण्याची आशा धरू नये. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की रॅकही कलतात, म्हणून तो समपातळीत धरावा. फोकस तीन फुटांवर आणि अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवले, तर १० मिलिमीटरवर सुमारे दीड फुटापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळे स्पष्ट येते.

जुना माल घेताना

कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०१८ मध्ये आरसा नसलेल्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची नवी घराणी सुरू केली, आणि त्यांचे लक्ष तिकडे वळले. एसएलआरवाले आपल्या लेन्स विकत आहेत. गरजूंना त्या सेकंडहँड बाजारात बऱ्या भावात मिळू शकतात. पण स्वस्त माल म्हणजे फायद्याचा माल नव्हे. पुतण्याने पहिली लेन्स घाईने घेतली आणि घरी येऊन पाहतो तो कॅमेऱ्यावर बसेना! रक्कम अडकली ती अडकलीच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जोडीची. कॅननच्या ईएफ-एस लेन्स लहान सेन्सरच्या बॉडीसाठी आहेत, त्या कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या एसएलआरवर बसत नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स मोठ्या सेन्सरवर बसतात, पण कॅमेरा फक्त मधला भाग घेतो. टोकिनाच्या पहिल्या ११-१६ मध्ये निकॉनसाठी फोकसची मोटर नव्हती. निकॉनच्या डी३१०० सारख्या बॉडीतही मोटर नाही. म्हणजे फोकस हातानेच करावा लागेल. निकॉनची १०-२० ही एएफ-पी जातीची आहे. डी९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकस हातानेही होत नाही. यासाठी आपली बॉडी सोबत घेऊनच सौद्याला जावे.

दुसरी गोष्ट तपासणीची. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत काचेला बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. त्यानंतर कापडवाल्याची कसोटी लावावी. बारीक चौकडीचे कापड भिंतीवर ताठ लावून अगदी समोरून फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन स्पष्ट आणि एकच अस्पष्ट असेल, तर आतली काच सरकलेली असण्याचा संभव मोठा. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट पुढची. उद्या आरशाविना कॅमेरा घ्यायचा झाला, तर कॅननच्या जुन्या लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरने नव्या बॉडीवर चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मात्र जुन्या मोटरविना लेन्ससाठी मोटर नाही. तेव्हा मोटर असलेली लेन्स घेणे शहाणपणाचे.

शेवटी इमानाची गोष्ट

आता मोबाइलमध्येही रुंद लेन्स येते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. भर उजेडात मोबाइल पुष्कळ काम भागवतो. पण मंद उजेडात मोठ्या सेन्सरचा फोटो अधिक स्वच्छ येतो आणि मोठा छापताना तो फरक दिसतो. ज्याला यातून कमवायचे आहे त्याने खुशाल कॅमेऱ्याची लेन्स घ्यावी.

मात्र एक गोष्ट गाठीशी बांधावी. अतिरुंद लेन्स जागा पूर्ण दाखवण्यासाठी आहे, फुगवण्यासाठी नव्हे. त्या प्रसंगानंतर आम्ही पुतण्याकडून दुकानाचे नवे फोटो काढून घेतले. लेन्स अतिरुंदच, पण जवळचे काउंटर चौकटीबाहेर ठेवले, मागच्या भिंतीशी एक माणूस उभा केला म्हणजे बघणाऱ्याला माप कळावे, आणि फोटोखाली लिहिले, 'बारा बाय वीस फूट'. आता आलेला व्यापारी उंबऱ्यावर थबकत नाही, सरळ आत येऊन माल पाहतो.

कापड मापताना जो व्यापारी ते ताणून धरतो, त्याला एका मीटरमागे बोटभर कापड वाचते आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. फोटोचे मापही तसेच आहे.