धाकट्याने पूर्ण केलेला डाव : ‘एसी/डीसी’चा ‘पॉवर अप’

‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडमध्ये 2016 च्या अखेरीस अँगस यंग सोडला, तर नेहमीच्या साथीदारांपैकी कोणीही उरले नव्हते. पूर्ण बहिरेपणाच्या धोक्यामुळे गायक ब्रायन जॉन्सनला दौरा अर्धवट सोडावा लागला आणि त्याच्या जागी ‘गन्स एन रोझेस’चा अ‍ॅक्सल रोझ गायला. ड्रमवादक फिल रड न्यूझीलंडमधील न्यायालयीन प्रकरणामुळे आधीच बाहेर होता. बासवादक क्लिफ विल्यम्सने निवृत्ती पत्करली. आणि ज्याने 1973 मध्ये सिडनीत धाकट्या भावाला बरोबर घेऊन हा बँड उभा केला, तो माल्कम यंग स्मृतिभ्रंशाने ग्रासला होता. 18 नोव्हेंबर 2017 रोजी तो गेला.

बँडवर मृत्यूचा घाला पूर्वीही पडला होता. फेब्रुवारी 1980 मध्ये गायक बॉन स्कॉट गेला आणि त्याच वर्षी जुलैत, जॉन्सनला घेऊन केलेला ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. रॉक संगीतातील सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये त्याची गणना होते. पण गायक बदलता येतो. माल्कमचे तसे नव्हते.

प्रेक्षकांची नजर नेहमी शाळेच्या गणवेशात रंगमंचभर धावणाऱ्या अँगसवर असे. माल्कम मागे, ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळ उभा राहून ऱ्हिदम गिटार वाजवी. या बँडची गाणी रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या, ठसठशीत स्वराकृतीवर उभी असतात. दोन आघातांमध्ये किती जागा मोकळी सोडायची, हे माल्कमला अचूक कळे. तबल्याचा ठेका ढळला की गायकाची तान कितीही उत्तम असली तरी बैठक विस्कटते, हे आपल्याकडील रसिकाला वेगळे सांगायला नको.

13 नोव्हेंबर 2020 रोजी आलेला ‘पॉवर अप’ म्हणूनच वेगळा ठरतो. 2008 च्या ‘ब्लॅक आइस’च्या सुमारास दोघा भावांनी रचून बाजूला ठेवलेल्या कल्पना अँगसने पुन्हा बाहेर काढल्या. बाराही गाण्यांच्या श्रेयात अँगस आणि माल्कम अशी दोघांची नावे आहेत. वाजवणारा हात मात्र त्यांचा पुतण्या स्टीवी यंगचा. जॉन्सन, रड, विल्यम्स तिघेही परतले आणि 2018 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे निर्माता ब्रेंडन ओब्रायनच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. कोरोनाच्या साथीने प्रकाशन लांबले.

अल्बममध्ये नवे काही नाही, ही तक्रार खरी आहे. ती या बँडबद्दल चाळीस वर्षे होतेच आहे! पण इथे नावीन्य शोधणेच गैर वाटते. भावाने अर्ध्यावर ठेवलेले वाक्य त्याच्याच वळणाने पूर्ण करायचे, तर स्वतःची नवी शैली त्यात घुसडून कसे चालेल? ‘शॉट इन द डार्क’मध्ये हे साधले आहे. काही गाणी मात्र जुन्या सवयीवर निभावून नेल्यासारखी वाटतात. तरीही अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याच नावाचा दौरा सुरू व्हायला मे 2024 उजाडला. जर्मनीतील गेल्सेनकिर्शेनच्या मंचावर बास आणि ड्रमवर नवी माणसे होती. ध्वनिमुद्रणातील पाचांपैकी अँगस, जॉन्सन आणि पुतण्या स्टीवी एवढेच तेथे उभे होते.