माशी निवडावी वाऱ्याला विचारून

मासा आणि माशी हे मराठीतले दोन शब्द किती जवळचे! पण मासा धरायचा तर माशी कोणती, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉल्वे शहराच्या उत्तरेला, लॉख कॉरिब नावाचे सुमारे १७६ चौरस किलोमीटरचे सरोवर आहे. तेथल्या रानटी ट्राउटसाठी मानाची रीत म्हणजे पिसे, लोकर आणि रेशीम गळावर बांधून केलेली कृत्रिम माशी. होडी वाऱ्यावर आडवी सोडायची, आणि पुढच्या पाण्यावर तीन माश्यांची दोरी टाकायची. ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे तिकडचा उन्हाळा उतरणीला लागला की, पेटीतल्या शंभर माश्यांतून या तीन कोणत्या घ्याव्यात, एवढाच आजचा विषय.

आपण म्हणाल, "आम्हांला याचे काय?" आपल्या कृष्णा-गोदेचे पाणी ट्राउटला ऊबदार पडते, हे खरे. पण स्कॉटलंडहून १९०० साली आणलेल्या अंड्यांतून हाच तपकिरी ट्राउट काश्मीरच्या थंड पाण्यात रुजला. शिवाय नीट पाहून निवड कशी करावी, हे कोणत्याही पाण्याकाठी शिकता येते.

मे महिन्यात कॉरिबवर फारसा विचार करावा लागत नाही. मेफ्लाय नावाचे कीटक तळातून थव्याथव्यांनी वर येतात. मासा तेच खातो, आपणही तसलीच माशी बांधावी. ऑगस्टात असे ताट वाढलेले नसते. मासा कधी लहान माशांच्या पिलांमागे लागतो, तर कधी पाण्यावर पडेल ते टिपतो. आणि जे पडते, त्यातले पुष्कळसे जमिनीवरचे असते! म्हणून पहिला प्रश्न पेटीला विचारायचा नाही. वाऱ्याला विचारायचा, "बाबा, तू आलास कोठून?"

सरोवराच्या पूर्वेला चुनखडीच्या जमिनीवरची कुरणे आहेत. तिकडून वारा आला, की गवतातले लांब तंगड्यांचे, दुबळ्या पंखांचे किडे पाण्यावर येऊन पडतात. त्यांना तिकडे डॅडी लाँगलेग्ज म्हणतात. त्या दिवशी लोंबत्या पायांची तसलीच माशी वर बांधावी. पश्चिमेला कॉनेमाराचे डोंगर; त्यांवर हेदरची जांभळ्या फुलांची झुडपे. तिकडच्या वाऱ्याबरोबर तांबड्या पायांची काळी माशी येते. तिच्यासाठी बिबिओ : अंग काळे, मध्ये तांबडा पट्टा. दिवस कलल्यावर मात्र पाण्यातूनच एक मोठा कीटक वर येतो आणि छपरासारखे पंख मिटून पाण्यावर धावत सुटतो. त्याची नक्कल ग्रीन पीटर. हिरवे अंग, तपकिरी पंख. संध्याकाळ तिची.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. मासा माशी खालून पाहतो, आभाळाच्या पडद्यावर. म्हणून रंगापेक्षा आकार आणि ठेवण आधी जुळवावी. लाट चांगली असेल तर माशी मोठी, झुबकेदार. पाणी निवांत असेल तर लहान आणि विरळ. ढगाळ दिवशी गडद माशी आणि उजेडाच्या दिवशी सोनेरी, असा जुना रिवाज आहे. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश किंग्समिल मूर यांनी याच प्रकाशाचा विचार करून बंबल नावाच्या केसाळ माश्या बनविल्या आणि १९६० च्या 'अ मॅन मे फिश' या पुस्तकात त्यांची हकीकत लिहिली. न्यायाधीशच ते, पुराव्यावाचून माशी तरी कशी बांधतील?

आता तिघींची मांडणी. काठीच्या बाजूची पहिली माशी झुबकेदार असावी. ती लाटेवर नाचवायची. शेवटची सडपातळ, पाण्यात किंचित बुडणारी. मधली या दोहोंमधली. तासभर गेला आणि कोणी विचारले नाही, तर तिन्ही एकदम बदलू नयेत. एक बदलावी, नाहीतर मासा कशाला भुलला हे कळायचे कसे?

शेवटची निवड सर्वांत अवघड. कॉरिबचा ट्राउट ओढ्यांत जन्मतो, वर्ष-दोन वर्षे तेथेच वाढतो आणि मग सरोवरात उतरतो. तो गेला, तर त्याची जागा भरायला हौदातले पिलू पुरे पडत नाही. पाणी १० अंशांवर असता लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. २० अंशांवर अवघा ९. अशा ऊबदार पाण्यात झुंज देऊन थकलेला मासा आपण मोठ्या मनाने सोडून देतो, तो पोहत जातोही. पण पुढे खोल पाण्यात मरून गेला, तर आपल्याला कळणारही नाही. तेव्हा पेटीत माश्यांबरोबर एक तापमापक ठेवा. पारा २० च्या घरात दिसला, तर त्या दिवसाची योग्य माशी एकच : पेटीतून बाहेर न काढलेली. होडी काठाला लावा, आणि वारा कोठून येतो ते नुसते पाहत बसा. उद्याच्या निवडीची तयारी तेथूनच होते.