विश्लेषण : गरोदरपणात संधिवात का ओसरतो? अँटिबॉडीवरची ‘साखर’ काय सांगते?

रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. अनेक महिलांमध्ये तो गरोदरपणात ओसरतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा उचल खातो. या कोड्याचा एक धागा अँटिबॉडीवरील साखरेत आहे.

ही साखर कोणती?
आयजीजी ही रक्तात सर्वाधिक आढळणारी अँटिबॉडी. ‘वाय’ आकाराच्या या प्रथिनाच्या देठावर शर्करारेणूंची छोटी साखळी असते. रोगप्रतिकारक पेशींना अँटिबॉडी किती भडकवणार, हे बऱ्याच अंशी या साखळीवर ठरते.

आजारात काय बदलते?
रुग्णांच्या आयजीजीवर गॅलॅक्टोज ही शर्करा कमी असते, असे १९८५ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनात दिसले. गरोदरपणात ती वाढते, प्रसूतीनंतर घटते. मात्र, आजार केवळ त्यामुळेच ओसरतो, हे सिद्ध झालेले नाही.

मग गोड बंद करावे का?
ही साखळी अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच जोडतात. चहातली साखर सोडून ती दुरुस्त होत नाही.

काळजी काय घ्यावी?
मेथोट्रेक्सेटसारखे औषध गर्भाला घातक ठरू शकते. त्यामुळे मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. दुखणे थांबले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत.